बेवारस मुडदे

बेवारस प्रेत सापडले म्हणजे त्याचे काय करावयाचे, याचा जाबता आपल्याकडे ठरलेला आहे. पोलिसांना वर्दी जाते, पंच बोलावले जातात, अंगावरील खुणा दप्तरात उतरतात, वारसाची ठरावीक मुदत वाट पाहिली जाते, आणि कोणीच रुजू झाले नाही म्हणजे सरकारी खर्चाने विल्हेवाट लागून कागद बस्त्यात बांधला जातो. चित्रपटाच्या इतिहासात मात्र असे एक प्रेत आहे की ज्याच्यावर गेल्या नव्वदाहून अधिक वर्षांत एकामागून एक वारसांनी हक्क सांगितला, ज्याच्यापायी कज्जे झाले, जप्त्या झाल्या, एका प्रगत देशात कायदासुद्धा झाला, आणि तरीही ज्याचा मालक कोण याचा निवाडा कोणत्याही न्यायासनापुढे कायमचा लागला नाही. त्या प्रेताचे नाव झॉम्बी. आणि त्याच्या मालकीच्या या लांबलेल्या मामल्यातील सर्वांत रक्तबंबाळ, सर्वांत निर्लज्ज आणि, माझ्या मते, सर्वांत टिकाऊ दस्तऐवज म्हणजे २५ ऑगस्ट १९७९ रोजी इटलीत प्रदर्शित झालेला लुचो फुल्चीचा ‘झॉम्बी २’ हा चित्रपट होय.

नावातील ‘दोन’ हा आकडाच मुळी लबाडीचा आहे. ज्याचा हा दुसरा भाग म्हणावा असा पहिला भाग फुल्चीने कधी केलाच नव्हता. पहिला ‘झॉम्बी’ म्हणजे जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘डॉन ऑफ द डेड’. त्याच्या निर्मितीस हातभार लावणाऱ्या दारिओ आर्जेंतोने पटकथा लिहिण्यासाठी रोमेरोला रोममध्ये आणून ठेवले होते, युरोपसाठीच्या आवृत्तीचे संकलन स्वतःच्या हाती राखले होते, आणि गॉब्लिन या वाद्यवृंदाच्या संगीतासह तो चित्रपट सप्टेंबर १९७८ मध्ये ‘झॉम्बी’ या नावाने इटलीतील चित्रगृहांत उतरविला होता. त्याने गल्ला भरला हे पाहताच फाब्रित्सिओ दे आंजेलिस आणि उगो तुच्ची या निर्मात्यांनी आपल्या हातातील बेटावरच्या एका भयकथेच्या कपाळी ‘२’ हा आकडा लावून दिला. इटलीच्या तत्कालीन व्यवहारात कोणत्याही चित्रपटाने स्वतःस परक्या चित्रपटाचा उत्तरभाग म्हणवून घेण्यास आडकाठी अशी नव्हतीच. आर्जेंतो संतापला, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्या आणि फुल्चीच्या मधून विस्तव जात नव्हता.

परंतु ही लबाडी एकट्यादुकट्याची नव्हे, धंद्याची रीतच तशी होती. रोमजवळ १९३७ साली उभारलेल्या चिनेचित्ता या चित्रनगरीच्या छायेत युद्धोत्तर काळी असा एक कारखाना वाढला की ज्याच्या मालाकडे वरिष्ठ समीक्षक ढुंकूनही पाहत नसत, आणि ज्याच्या मालावर गावोगावची दुय्यम चित्रगृहे वर्षानुवर्षे चालत. ‘फिलोने’, म्हणजे खाणीत सापडणारी धातूची शीर, हा तेथील परवलीचा शब्द. एखाद्या चित्रपटाने अनपेक्षित धन दिले की शीर लागली असे समजावे, आणि ती आटेपर्यंत अहोरात्र खणीत राहावे. १९५८ साली स्टीव्ह रीव्ह्ज या अमेरिकन शरीरसौष्ठवपटूस हर्क्युलिस करून काढलेला चित्रपट चालला, तेव्हा पुढली पाचसहा वर्षे इटलीच्या पडद्यावर पिळदार दंडांखेरीज काही दिसेनासे झाले. १९६४ साली सेर्जिओ लिओनेने ‘बॉब रॉबर्टसन’ या टोपणनावाआडून, कुरोसावाच्या ‘योजिंबो’चे कथानक परस्पर उचलून, स्पेनच्या माळावर काउबॉय दौडविला, जपानी निर्मात्यांनी फिर्याद करून उत्पन्नातील १५ टक्के वाटा आणि पूर्वेकडील काही देशांचे वितरण पदरात पाडून घेतले, तरी त्या शिरेवर शेकडो चित्रपट निघालेच. नंतर गूढ खुनांची शीर आली, मग पोलिसी चकमकींची, मग नरभक्षकांची.

भांडवलाची तजवीजही मोठी मौजेची. प्रांतोप्रांतीचे वितरक चित्रपटाचे नाव आणि भित्तिपत्रकाचा मसुदा एवढ्यावरच किमान उत्पन्नाची हमी लिहून देत, त्या हमीवर हुंड्या निघत, हुंड्या वटवून चित्रण सुरू होई, आणि म्हणून नाव हाच चित्रपटाचा खरा पाया असे. कथा मागाहून आली तरी चाले. चित्रण बहुधा ध्वनीवाचून होई. इंग्रज नट इंग्रजीत, ग्रीक नटी तिला सोयीच्या भाषेत आणि इटालियन नट इटालियनमध्ये ओठ हलवीत, आणि मग रोममधील ध्वनिमुद्रणशाळेत भलतेच आवाज येऊन त्या ओठांत बसत. या चित्रपटांतील संवाद विहिरीतून आल्यासारखे पोकळ वाटतात, त्याचे कारण हे. परंतु प्रेते ज्यात बोलतच नाहीत अशा चित्रपटास या दोषाचा उपद्रव सर्वांत कमी, हेही धंदेवाईकांच्या ध्यानी आल्यावाचून राहिले नसावे.

आता त्या प्रेताच्या मूळ मुलखाकडे वळावयास हवे. हिस्पानिओला बेटाच्या पश्चिम भागात सां-दोमिंग, म्हणजे आजचा हैती, ही फ्रेंचांची वसाहत होती. तेथील साखरेवर फ्रान्समधील बंदरे श्रीमंत झाली, आणि ती साखर पिकविण्यासाठी आफ्रिकेतून जहाजे भरभरून आणलेली माणसे उसाच्या फडात इतक्या झपाट्याने मरत की मनुष्यबळाची भर सतत घालावी लागे. त्या गुलामांची एक श्रद्धा होती. देह पडला की आत्मा समुद्रापलीकडे, गिनीला, म्हणजे आपल्या मायभूमीस परत जातो, आणि तेथे कोणाही मुकादमाचा हुकूम चालत नाही. या श्रद्धेच्या पोटी जे भय जन्मले ते झॉम्बीचे भय. मरणानंतरही सुटका न व्हावी, कोणा मांत्रिकाने देह उठवावा आणि मालकाच्या फडावर पुन्हा कोयता हाती द्यावा, ही त्या माणसांच्या कल्पनेतील नरकाची परिसीमा होती. आपला वेताळ प्रेतात शिरतो, पण तो बोलका आहे. राजाला कोडी घालतो, उत्तर ठाऊक असूनही मौन पाळले तर डोक्याची शंभर शकले होतील अशी धमकी देतो, आणि एकंदरीत विद्वान आहे. हैतीचा झॉम्बी मुका आहे, कारण तो गुलाम आहे. त्याने कोणाला खावे ही कल्पनादेखील मूळच्या कथांत नाही. त्यालाच खाल्ले गेले आहे.

१७९१ च्या ऑगस्टात त्या गुलामांनी उठाव केला, बारा वर्षांहून अधिक काळ झुंजून फ्रेंचांना घालविले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैतीचे स्वातंत्र्य पुकारले. पुढे १९१५ साली अमेरिकन नौसैनिक तेथे उतरले ते १९३४ पर्यंत हलले नाहीत, आणि त्या लष्करी अंमलाच्या काळात विल्यम सीब्रुक नामक एका भटक्या लेखकाने १९२९ साली ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक लिहून हैतीचा झॉम्बी अमेरिकन वाचकांच्या दिवाणखान्यात नेऊन बसविला. त्यातील एका हकिकतीत अमेरिकन भांडवलाच्या साखर कंपनीच्या फडावर मृत मजुरांची एक टोळी राबते. त्यांची मजुरी मुकादम घेतो. त्यांना अळणी अन्न द्यावयाचे असा दंडक असतो, पण मुकादमाची बायको दयेपोटी त्यांना खारवलेल्या दाण्यांची मिठाई देते, आणि मिठाची चव जिभेवर येताच आपण मेलेले आहोत हे त्या माणसांना उमगून ती डोंगरातील आपापल्या थडग्यांची वाट धरतात. ही हकिकत वाचताना मराठी वाचकाचे पाऊल अडखळते. आपल्याकडे मीठ चाकराला धन्याशी बांधते. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्या बखरींतील सर्वोच्च गुण. हैतीत तेच मीठ चाकराला धन्यापासून सोडवते. जागे होणे दोन्हीकडे आहे, पण जाग येऊन माणूस चालू लागतो ती दिशा उलटी आहे.

सीब्रुकच्या पुस्तकानंतर मालकीची झोंबाझोंबी सुरू झाली. १९३२ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘झॉम्बी’ नावाचे नाटक आले. त्याच वर्षी व्हिक्टर हाल्पेरिनने बेला लुगोसीस घेऊन ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट काढला. नाटककाराने शब्द आपला म्हणून फिर्याद केली, ती टिकली नाही. त्या जुन्या चित्रपटात एक दृश्य आहे. साखर कारखान्यात मृत मजूर लाकडी चरक फिरवीत आहेत, वरच्या माचीवरून उसाची टोपली घेऊन चाललेला एक मजूर तोल जाऊन चरकात पडतो, आणि चरक थांबत नाही, कोणी मान वळवीत नाही, लाकडाची करकर तेवढी चालू राहते. नंतरच्या पन्नास वर्षांत पडद्यावर सांडलेल्या सगळ्या रक्तापेक्षा त्या रक्तहीन क्षणाने माझ्या पोटात अधिक गोळा आणला आहे.

१९६८ साली रोमेरोने पिट्सबर्गच्या आसपास, हाताशी जमेल तेवढ्या पैशांत, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला आणि हैती, ऊस, मांत्रिक, सगळे पुसून टाकले. त्याची प्रेते आपोआप उठतात, कोणाची चाकरी करीत नाहीत आणि जिवंतांचे मांस खातात. झॉम्बी हा शब्दही त्या चित्रपटात कोणी उच्चारीत नाही. आणि मग विधिलिखिताने एक विनोद केला. वितरकाने ऐनवेळी नाव बदलले, जुन्या नामफलकावर असलेली स्वामित्वहक्काची ओळ नव्या फलकावर घालावयाची राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे तेवढ्या एका ओळीच्या अभावी तो चित्रपट जन्मतःच सार्वजनिक मालकीचा ठरला. धन्याच्या तावडीतून न सुटणारे म्हणून ज्याची ख्याती होती, ते भूत एका कारकुनी चुकीने बेवारस झाले. पुढे ज्याला हवे त्याने ते उचलले, आणि २०२२ साली ‘झोंबिवली’च्या रूपाने ते लोकल पकडून आमच्या डोंबिवलीपर्यंतही येऊन पोहोचले.

रोममध्ये ते प्रेत ज्याच्या हाती पडले तो लुचो फुल्ची तेव्हा ५२ वर्षांचा होता आणि त्याची उमेद संपत आली होती. १९२७ साली रोममध्ये जन्मलेल्या या माणसाने काही काळ वैद्यकाचा अभ्यास केला, मग रोमच्या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला, स्तेनो या विनोदी चित्रपटांच्या दिग्दर्शकाचा साहाय्यक झाला, आल्बेर्तो सोर्दी या नटाच्या गाजलेल्या ‘उन अमेरिकानो आ रोमा’ या चित्रपटाच्या लेखनात त्याचा वाटा होता, आणि आद्रिआनो चेलेंतानोचे ‘चोवीस हजार चुंबने’ हे १९६१ साली अवघ्या इटलीने गुणगुणलेले गाणे रचणाऱ्यांतही हाच. विनोदी, संगीतप्रधान, काउबॉयचे, ऐतिहासिक, खुनांचे, असे ज्या शिरेवर काम मिळेल त्या शिरेवर त्याने कुदळ मारली. १९७१ साली त्याच्या एका चित्रपटात चिरफाड केलेले कुत्रे दिसले तेव्हा प्राण्यांवरील क्रौर्याचा आळ येऊन प्रकरण कोर्टात गेले, आणि ते कुत्रे कार्लो राम्बाल्दी या कारागिराने घडविलेले आहेत हे सिद्ध करण्यासाठी बाहुलीच न्यायाधीशांपुढे मांडावी लागली. ‘झॉम्बी २’ साठीदेखील निर्मात्यांनी प्रथम एन्झो कास्तेल्लारीला विचारले होते. तेथे जमले नाही म्हणून काम फुल्चीकडे आले.

कथा चार ओळींची. न्यूयॉर्कच्या बंदरात एक निर्मनुष्य शिडाची होडी वाहत येते, तीत लपलेले प्रेत गस्तीच्या पोलिसाचा गळा फोडते. होडीच्या मालकाची मुलगी आणि एक वार्ताहर त्याचा माग काढीत कॅरिबियन समुद्रातील मातूल नामक कल्पित बेटावर पोहोचतात. तेथे एक इंग्रज डॉक्टर मेलेले का उठतात याचा छडा लावण्यात बुडालेला असतो. मग सगळेच उठतात. पटकथेवर नाव एलिसा ब्रिगान्तीचे आहे. तिचा पती दार्दानो साकेत्ती याचाही त्यात मोठा वाटा होता. पण त्याच सुमारास वडील वारल्याने मृतांच्या या खेळावर आपले नाव नको असे आपणास वाटले, असे त्याने पुढे सांगितले आहे. बेटाचे बरेचसे चित्रण दोमिनिकन प्रजासत्ताकात झाले, म्हणजे हैती ज्या बेटाचा पश्चिम भाग आहे त्याच बेटाच्या पूर्व भागात. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत जाऊन अमेरिकन झालेले प्रेत, केवळ नाव चोरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून, पुन्हा उसाच्या मुलखात आले.

त्या प्रेतांची घडण जान्नेत्तो दे रोस्सी या रंगभूषाकाराची. त्याने नटांच्या चेहऱ्यांवर ओली माती थापली, थर वाळू दिला, त्याला तडे जाऊ दिले, तड्यांत किडे सोडले. फुल्ची या मंडळींना चालत्याबोलत्या, नव्हे नुसत्या चालत्या, कुंड्या म्हणे अशी आठवण सांगतात. रोमेरोची निळसर चेहऱ्याची प्रेते कालपरवा बाजारात भेटलेल्या शेजाऱ्यांसारखी दिसतात. ही प्रेते जमिनीचा तुकडाच उठून उभा राहावा तशी दिसतात. स्पॅनिश विजेत्यांच्या जुन्या दफनभूमीतील प्रसंग याच दृष्टीने पाहावा. पात्रे थकून गवतात टेकलेली आहेत. एकीच्या डोक्याशी माती किंचित हलते, पुन्हा स्थिर होते, मग एक पंजा वर येतो, आणि सेर्जिओ साल्वातीचा कॅमेरा त्या प्रेताबरोबर, त्याच्याच संथपणाने, जमिनीतून वर येऊ लागतो. डोळ्यांच्या खोबणीत गांडुळे वळवळत आहेत. पळायला वाट आहे, वेळही आहे, तरी बाई हलत नाही. हा पटकथेचा दोष म्हणून दाखविला जातो, पण स्वप्नात पाय उचलत नाही त्याचा अनुभव ज्याने घेतला आहे तो हा दोष काढणार नाही. पार्श्वभूमीला फाबिओ फ्रित्सीचे संगीत आहे, ज्यात ढोल आणि विद्युत्-वाद्याचा एकसुरी ठोका असा मिसळला आहे की मिरवणूक जवळ येते आहे की आपलीच नाडी वाजते आहे हे कळू नये.

आणि तो डोळा. डॉक्टरची पत्नी एकटी घरात आहे. ती दार लोटून धरते, दाराच्या झडपेतून मातकट हात आत शिरतो, तिच्या केसांत रुततो आणि तिला ओढू लागतो. फुटलेल्या फळीची एक लांब, टोकदार ढलपी समोर आहे. एवढेच. दुसरा कोणी दिग्दर्शक येथे दृष्टी दुसरीकडे वळविता, पण फुल्ची एकदा ढलपी दाखवितो, एकदा नटी ओल्गा कार्लातोसचा विस्फारलेला डोळा, पुन्हा ढलपी, आणि दर वेळी अंतर बोटभर कमी झालेले असते. प्रथम पाहिला तेव्हा मी येथे डोळे मिटून घेतले होते. पुढे कधीतरी उघड्या डोळ्यांनी पाहिला तेव्हा कळले की भय लाकूड डोळ्यात शिरण्यात नाही, ते त्या मोजणीत आहे. लुई बुन्युएलने १९२९ साली पॅरिसमध्ये वस्तऱ्याने डोळा चिरून दाखविला तेव्हा त्यास कला म्हटले गेले. फुल्चीने तेच तृतीय श्रेणीच्या चित्रगृहासाठी, अधिक सावकाशीने केले.

शार्कचा प्रसंग तर धंद्याच्या रीतीचे मूर्तिमंत उदाहरण. १९७५ च्या ‘जॉज’ने शार्कची शीर उघडली होती, आर्जेंतो-रोमेरोने झॉम्बीची, एका तिकिटात दोन्ही का देऊ नयेत, असा हिशेब. हॉलीवूडच्या श्रीमंत चित्रपटातला शार्क यंत्राचा होता. या गरिबाच्या चित्रपटातला शार्क खरा आहे. मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटालगतच्या समुद्रात, शार्कांविषयीच्या जाणकारीसाठी विख्यात असलेला पाणबुड्या छायाचित्रकार रामोन ब्रावो स्वतःच प्रेताचा वेष चढवून, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय, त्या माशाला मिठी मारतो आणि त्याच्या अंगाचा लचका तोडतो. पाण्याखाली दोघेही संथ झाले आहेत. कथेला या प्रसंगाची तिळमात्र गरज नाही. चित्रपट पाहिलेला मनुष्य वीस वर्षांनंतर कथा विसरतो, आणि हा प्रसंग पहिल्या वाक्यात सांगतो.

दोष झाकण्यात अर्थ नाही. टीसा फॅरो आणि इयन मॅकलॉक ही जोडी बहुतेक वेळ गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसारखी वावरते. स्त्रियांची वस्त्रे कारणावाचून उतरतात. आणि ज्या काळ्या माणसांच्या दुःखातून हे भूत जन्मले त्यांना या चित्रपटात प्रेत म्हणून भरपूर काम आहे, माणूस म्हणून जवळजवळ नाही. तरीही आरंभीचेच दृश्य विसरता येत नाही. चादरीत गुंडाळलेला, दोरांनी बांधलेला एक बेटवासी बिछान्यावर उठून बसू लागतो, आणि गोरा डॉक्टर शांतपणे पिस्तूल उचलून त्याच्या मस्तकात गोळी घालतो. वसाहतीचा कारभार कसा चाले, याचे इतके संक्षिप्त चित्र निर्मात्यांच्या मनात नसतानाही पडद्यावर उमटून गेले आहे. शेवटी प्रेते ब्रुकलिन पुलाच्या पादचारी वाटेवरून न्यूयॉर्ककडे चालत जातात, आणि खालच्या रस्त्यावरून मोटारी नेहमीच्या वेळेला नेहमीच्या वेगाने जात असतात. रहदारी अडविण्याइतके पैसे नव्हते. पण साखरेच्या बेटावरून निघालेली ती मिरवणूक साखर खाणाऱ्या शहरात शिरते आहे आणि शहराला पत्ता नाही, हा अर्थ त्या दारिद्र्यानेच तिला दिला.

अमेरिकेत १९८० साली हा चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षकांना तिकिटाबरोबर ओकारीच्या पिशव्या वाटल्या गेल्या; ती जाहिरातबाजी झाली. त्याची खरी कीर्ती इंग्लंडच्या पोलिसांनी वाढविली. तेथील परिनिरीक्षण मंडळाने त्याच वर्षी पावणेदोन मिनिटांच्या आसपास कात्री लावून तो प्रौढांपुरता संमत केला होता. परंतु व्हिडिओ कॅसेट ही वस्तू तेव्हा नवी होती, तिच्यावर परिनिरीक्षणाचा अंमल नव्हता, आणि कापलेला भाग परत जोडलेली कॅसेट कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्याने मिळू लागली. वृत्तपत्रांनी ओरड केली, मेरी व्हाइटहाउस बाईंच्या नीतिरक्षक चळवळीने पार्लमेंटास साकडे घातले, १९५९ च्या अश्लीलताविरोधी कायद्याखाली दुकानांवर छापे पडू लागले. जप्तीला गेलेल्या शिपायांनी ‘द बिग रेड वन’ हा महायुद्धावरील सैनिकी चित्रपट नावावरून काही भलताच असावा असे समजून उचलून नेला, यावरून कारवाईतील विवेकाची कल्पना यावी. सरकारी अभियोक्त्यांच्या कचेरीने जी यादी काढली तीत एकूण ७२ चित्रपट आले. त्यांपैकी ३९ वर खटले शाबीत झाले. फुल्चीचा चित्रपट त्या ३९ मध्ये होता. १९८४ साली व्हिडिओ नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला.

यादी प्रसिद्ध होताच ती तरुणांच्या हाती प्रेक्षणीय चित्रपटांच्या सूचीसारखी फिरू लागली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, अशी नक्कल होत होत चित्र इतके पुसट होई की मातीचे चेहरे आणि पडद्यावरची धूळ एक होऊन जाई, आणि ज्यांनी ते त्या अवस्थेत चोरून पाहिले ते आज साठीला टेकले तरी त्याविषयी पहिल्या प्रेमाच्या स्वरात बोलतात. २००५ साली त्याच मंडळाने एकही कात्री न लावता चित्रपट संमत केला. आणि २००९ साली सरकारी दप्तरात असे आढळून आले की १९८४ चा तो कायदा करताना युरोपीय आयोगास द्यावयाची रीतसर सूचना द्यावयाची राहूनच गेली होती, सबब तो पंचवीस वर्षे अंमलयोग्यच नव्हता. २०१० मध्ये तोच कायदा पुन्हा संमत करून घ्यावा लागला. या प्रेताच्या नशिबी कारकुनी चूक जन्मापासून बांधलेली आहे.

कारखाना मात्र तोवर बसला होता. १९७६ साली इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने स्थानिक पातळीवर खाजगी दूरचित्रवाणीस मुभा दिली, आणि घरबसल्या रोज डझनावारी चित्रपट फुकट दिसू लागले. १९५५ साली त्या देशात सुमारे ८२ कोटी तिकिटे विकली गेली होती. १९७५ साली ५१ कोटी. १९८५ साली जेमतेम १२ कोटी. गावोगावची तृतीय श्रेणीची चित्रगृहे मिटली, हुंड्या कोणी वटवीनासे झाले, आणि खाणकरी पांगले. फुल्चीने ‘झॉम्बी २’च्या यशावर दोन वर्षांत ‘द बियाँड’सह तीन नामांकित भयपट काढले, आणि नंतर कमीकमी पैशांत, ढासळत्या प्रकृतीने, कसेबसे काम केले. समीक्षकांनी त्याला जिवंतपणी कसाई ठरविले होते. जानेवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्कला भयपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्यास तो दुखऱ्या पायास पट्टी बांधून गेला, तेव्हा हातात जुनी भित्तिपत्रके घेऊन स्वाक्षरीसाठी उभी राहिलेली गर्दी पाहून तो चकित झाला होता. आज त्या चित्रपटाच्या मूळ पट्टीवरून स्वच्छ केलेल्या प्रती मिळतात, त्यांत मातीवरील प्रत्येक तडा मोजता येतो, आणि फ्रित्सी आपला वाद्यवृंद घेऊन ते ढोल देशोदेशींच्या सभागृहांतून वाजवीत फिरतो.

आर्जेंतोशी असलेले वैर अखेरच्या वर्षांत मिटले. ज्याच्या चित्रपटाचे नाव आपण पळविले त्याच माणसाच्या निर्मितीत, मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयावरचा एक भयपट दिग्दर्शित करण्याचे फुल्चीने पत्करले. कथेवर दोघांनी मिळून काम केले. चित्रण सुरू होण्यापूर्वीच, १३ मार्च १९९६ रोजी, मधुमेहाच्या विकाराने फुल्ची रोममध्ये मरण पावला. त्याची जागा आर्जेंतोने सेर्जिओ स्तिवालेत्तीस दिली. या स्तिवालेत्तीने तोवर एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता; चित्रपटांसाठी जखमा आणि प्रेते घडविणे हा त्याचा धंदा होता.